सात नंबरचं बेअरिंग

मंठा चौफुलीच्या अलीकडं, झेरॉक्सच्या दुकानावर
कोचिंग क्लासची खोली. रविवारी बाकं भिंतीला सारतात.
फळ्यावर कालचं वर्गसमीकरण अर्धवट,
त्याच्या खाली डोईफोडे सर खडूनं लिहितात
सोळा नावं, आठ जोड्या.
माझ्या नावापुढं नुसतं ‘काका’.

चौदा पोरं, दाढी न फुटलेली.
एक उम्मेहानी, सातवीतली, चष्म्याची दोरी मानेत.
आणि मी, एकोणचाळीस वर्षांचा,
रोलिंग मिलमधला, कायमचा रात्रपाळीवाला.

फी पन्नास रुपये. वजन सोनाराच्या काट्यावर;
सरांचा भाऊ सराफ्यात आहे, काटा रविवारपुरता येतो.
माझा भोवरा एकेचाळीस ग्रॅम, नियमात बसतो.
जस्ताची कड, प्लास्टिकचं पोट, खाली टोक.
टोकाला मी अजून आरच म्हणतो,
बाभळीच्या भोवऱ्याला खिळा ठोकायचो, तीच.
पोरं हसतात. हसू द्या.

जाळी गुंडाळायची नाही आता.
दातेरी पट्टी, एका झटक्यात ओढायची.
‘खांद्यातून नाही काका, मनगटातून,’
हे मला चौथीतल्या एकानं शिकवलं,
वर पेढा मागितला.

समोरच्याला बाहेर ढकललं तर दोन गुण.
फोडून सुटा केला तरी दोन.
नुसता दम धरून राहिलात
अन् समोरचा आधी थांबला, तर एक.
मला एकच जमतो.
एकेक करत आलोय इथवर.

तिसऱ्या नंबरसाठी उम्मेहानी समोर.
बरोबरी. शेवटचा गुण.
सरांनी हात वर केला, खाली आणला,
आम्ही पट्ट्या ओढल्या.
निळ्या परातीत दोन टकरा, खाडखाड,
मग दोघंही मधोमध, एकमेकांभोवती,
भांडून दमलेल्या जावांसारखे.

आणि लाईट गेली.

भर दुपार, पण प्रोजेक्टरपायी
क्लासवाल्यानं खिडक्यांना काळा कागद डकवलेला.
कुणी ओरडलं नाही.
दोन आवाज उरले. एक बारीक, एक घोगरा.
वीस वर्षं मी आवाजावर भाकरी खातोय,
मोटर आजारी पडली की मीटरच्या आधी मला कळतं.
घोगरा माझा होता.
तो डगमगला. कड परातीला घासली. थांबला.
बारीक चालूच.
एक श्वास. दीड श्वास.
मग तोपण.

मोबाईलच्या उजेडात दोघंही आडवे.
सर गुडघ्यावर बसले. कुणी पाहिलं का रे?
कुणीच नाही.
मी पट्टी रुमालानं पुसत होतो.
लै मन लावून.

लाईट आल्यावर परत खेळवलं. मी जिंकलो.
टाळ्या पडल्या, चौथीतला माझ्या पाठीवर उडी मारून बसला.
प्रमाणपत्रावर मुंजाजीचं मुंबाजी झालं होतं.
म्हटलं, राहू द्या सर.

जिन्यात उम्मेहानी, भावाच्या रिक्षाची वाट बघत.
‘काका, दिखाव ना.’
माझा भोवरा उलटा धरला, आरीवर नख फिरवलं.
‘एक बाजूनं घिसली ही. म्हणून जल्दी मरतो तुमचा.
अंधेरे में भी पहले तुमचाच रुका. मैं सुनी.’

मग बोलली का नाहीस?

‘अंधेरे का कौन मानता?’
चष्मा वर सारला तिनं.
‘तुमी बी तो नै बोले.’

खाली हॉर्न वाजला. ती दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.
भोवरा माझ्या हातात देऊन.

रात्री अकराची पाळी. भट्टी पेटलेली,
सळया त्यांच्या रोजच्या घाईत.
खिशात घडी घातलेला मुंबाजी.
सात नंबरच्या बेअरिंगपाशी थबकलो.
किंचित घोगरं.
अजून दोन दिवस ओढलं असतं त्यानं,
कुणाला पत्ता लागला नसता.

सुपरवायझर डबा खात होता.
घास हातात धरूनच म्हणाला, सकाळी बघू.
मी म्हणालो, आत्ता.