नऊ दांड्या

शद्रख मास्तर गेल्यावर महिन्याभरानं
सुवार्ताकाकूंनी वही दाखवली.
"कुणाकुणाचे फोन नंबर आहेत बघ,
कळवायचं राहिलं असंल.
दोन-तीन लावून पाहिले मी.
बाई म्हणती, क्रमांक तपासा."

वहीत गावं होती.
परतूर. मंठा. भोकरदन, हळद, पाऊस.
आणि दर गावापुढं नऊ आकडे.
फोनला एक कमी.
त्यातही नऊ हा आकडा कुठंच नाही,
आठाच्या वर मास्तर कधी गेलेच नाहीत.

मी म्हणालो, काकू, हे लावायचे नंबर नाहीत,
हे ओढायचे असतात.
त्यांनी वही माझ्याकडंच ठेव म्हणून सांगितलं.

आता जालन्याच्या सदर बाजारात,
इक्रामभाईच्या टेबलावर दोन कीबोर्ड.
एक नवा, हलका, पोरीच्या दप्तराएवढा.
आवाज सहाशे, त्यात ऑर्गन बावीस.
दांड्या पडद्यावर: चित्राला बोट लावा,
चित्र खाली सरकतं.
दुसरा पुण्याहून आलेला, कोणी वापरून कंटाळलेला,
कोपऱ्याला टवका, वजन सतरा किलो,
आणि डाव्या हाताला खऱ्या नऊ दांड्या.
तपकिरी दोन, पांढऱ्या चार, काळ्या तीन.

"हलका घे. कामून ओझं वाहायलास?
मांडवात कुणाला काय कळतंय?"

खरंय. कुणाला काय कळतंय.
पण स्टेजवर लाल-हिरवे दिवे गरगरत असतात,
गायिका अंतरा सोडून सरळ मुखड्यावर येते,
ढोलकीवाला माझ्याकडं बघायला लागतो,
तेव्हा चित्रातली दांडी बोटाला सापडत नाही.
घामेजल्या बोटाला तर मुळीच नाही.
मास्तर नजर बाईंच्या ओठांवर ठेवून
नखानं एकच दांडी आत सारायचे, जराशी,
आणि बाईंचा आवाज पुढं यायचा,
गर्दीत कुणी सरकून जागा दिल्यासारखा.

लहानपणी कूलरपुढं तोंड नेऊन
आम्ही सगळी पोरं आ करायचो.
आवाजाचे तुकडे पडायचे,
ओले, वाळ्याच्या वासाचे.
मग लाईट जायची.
पातं मंद होत जायचं, तुकडे लांबत जायचे,
शेवटी आपलाच साधा आवाज उरायचा, उकाड्यात.
मास्तर म्हणायचे, ऑर्गनचं ते फिरकीचं बटण म्हणजे
लाईट जाणंच की रे,
फक्त आपल्या मर्जीनं.

मी जुन्यावर बसलो.
तळहात वरून खालपर्यंत घसरत नेला,
पट्ट्यांची कड गोल, कुठं कापलं नाही.
पायाखालचं पॅडल दाबलं, आवाज छातीएवढा झाला.
वरचा एक नी उशिरा बोलतो.
पाचवी दांडी हलवली की खरखर.
खिशातली वही काढली, भोकरदन लावलं:
आठ, आठ, आठ, पुढं सगळी शून्यं.
दुकानात ओल्या मांडवाचा वास आला म्हणणार नाही,
पण इक्रामभाईनं ग्राहकाचा फोन कापला
आणि दोन चहा सांगितले.

खरखरीचे पंधराशे कमी केले त्यानं.
नीचे काही केले नाहीत.

ऑटोवाल्याला घर सांगायच्या ऐवजी
काकूंचा पत्ता सांगितला.
वहीच्या शेवटच्या पानावर गाव नव्हतं.
नुसतं "घरी", आणि
शून्य, शून्य, एक,
त्यापुढं सहा शून्यं.
एवढ्याशानं काय वाजणार,
मी काकूंच्या ओट्यावर लावून पाहिलं.
सुपातल्या ज्वारीवर कुणी फुंकर घालावी
एवढाच सूर निघाला.

काकू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"हळू वाजवा हो,
शेजारचे निजलेत."

भर दुपारचे तीन वाजले होते.