अंगठा उमटत नाही

कुपवाडला लागायच्या आधी मी हळदीत होते,
वखारीत पोती शिवायची.
हात असे पिवळे की
भाकरीवर माझी बोटं दिसायची.

मग एमआयडीसी. सकाळपाळी, धुण्याचं खातं.
रिंगा जाळीत भरायच्या, टाकीत सोडायच्या,
वर काढल्या की तेलाचा टिपूस नाही.
टाकीतल्या त्या पाण्याला
(पाणी नव्हतंच ते)
आम्ही ट्रायको म्हणायचो.
वास गोड. आधी बरा वाटायचा,
मग डोकं हलकं, दुपारी उगीचच हसू.
हातमोजे आठवड्यात फुगून लिबलिबीत.
स्टोअरचा मगदूम म्हणे, तीन महिन्याला एक जोड.
मग उघड्या हातानं.

सात वर्षं.

पौषात बोटं पहिल्यांदा पांढरी पडली,
मग निळी, चुलीपाशी धरली की लाल.
पोरगी म्हणाली, तुझी रंगपंचमी लवकर आली गं.
पुढं कातडंच आवळत गेलं.
मूठ मिटेना, बांगडी उतरेना,
जांभईसुद्धा अर्ध्यात अडकायला लागली.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद वाचला,
चष्मा काढला.
"कामाला कुठं?"
सांगितलं. त्या जरा थांबल्या.
"त्यानंच झालं, असं मला लिहून देता येणार नाही.
पण रक्तात राखणदार असतात बघा,
घरचं कोण, परकं कोण, ओळखणारे.
तुमचे चुकायला लागलेत."
म्हणजे माझं कातडं त्यांना परकं वाटतं?
"हो."
त्यावर मला काय बोलावं कळेना.
मी गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारलं.

आता मला पॅकिंगला टाकलंय.
टाकीवर बामणोलीची एक नवी पोर आहे.
तिला माझे हात दाखवले.
म्हणाली, मावशी, थंडीचं क्रीम लावत जा.

गेटवरचं मशीन अंगठा घेत नाही.
टेकवते, लाल. पदराला पुसून टेकवते, लाल.
रेशनच्या दुकानात तेच.
मागची रांग चुळबुळते.
मग वॉचमन भरमू खुर्चीतून उठतो,
टेबलाखालचं जुनं रजिस्टर काढतो,
माझ्याकडं न बघताच लिहितो:
कलावती आदगोंडा खोत.
आत आल्याची वेळ, आठ वाजून पाच.

आठ वीस झालेले असतात.