दिवा विझेपर्यंत

चौघांनी ढकलत आणली मगदूमांची जीप,
भिलवडी रस्त्यानं, माझ्या शेडपर्यंत.
"तिसरी बॅटरी, दस्तगीर. रात्री भरलेली असते,
पहाटे बेदाण्याच्या पेट्या चढवून चावी मारावी
तर नुसतं टक्."

धक्क्यावर इंजिन लागलं. डायनामो भरत होता,
काटा उजवीकडं, शहाण्यासारखा.
बंद केल्यावर काटा मधे यायला हवा.
आला. पण अगदी मधे नाही.
केसभर डावीकडं.
तेवढ्यातून गाडी रात्रभर गळते.

बॅटरीची एक वायर सोडवली,
मधे जोडला पार्किंगचा बारका बल्ब.
सगळं बंद, चावी मगदूमांच्या खिशात,
आणि बल्ब पेटला.
मगदूम खूश. "लागला की!"
म्हटलं, अण्णा, हा लागलाय म्हणजे चोर घरात आहे.
आपल्याला हा विझवायचाय.

हेडलाइटची वायर काढली. पेटलेलाच.
हॉर्नची. पेटलेलाच.
कटआउटचं झाकण उघडून पॉइंटमधून
सिगारेटच्या पाकिटाचा कागद फिरवला
(पॉइंट चिकटले की उभ्या गाडीत
बॅटरीच डायनामोला फिरवू बघते, वेड्यासारखी).
कागद आरपार गेला. ते नव्हतं.
डायनामोची दोन्ही टोकं सुटी केली.
पेटलेलाच.

पलीकडच्या शेडमधून गंधकाची धुरी येत होती,
बेदाणा पिवळा राहावा म्हणून देतात ती.
मगदूम खोकत बाकड्यावर बसले,
चहा आला, निवला.

मग मीटरच्या मागं हात घातला,
न बघता नट सैल केला, जाड वायर उचलली,
आणि अंधार झाला
एका बारक्या बल्बाएवढा.
मी थोडा वेळ तसाच आडवा राहिलो सीटखाली.

बोटं वायरीवरून चालत गेली
डॅशबोर्डमागच्या पत्र्यातल्या भोकापाशी.
भोकाला रबर नाही.
धारेवर घासून घासून साल गेलेली,
तांब्याची एकच तार गंजाला टेकलेली.
भोक कंपनीचं नव्हतं, ड्रिलचं.
पुढं वायरीला जोड, जोडावर टेप,
टेप उलटी गुंडाळलेली.

मिरजेला उस्ताद या सवयीपायी
पट्टी मारायचे मनगटावर. मी डावखुरा.

"कुणी केलंय ओ हे काम?"
"जुनं आहे," मी म्हणालो.
खोटं नव्हतं.
तीन बॅटऱ्यांचा हिशेब मनात झाला,
त्या दिवशी घाई कसली होती ते आठवेना.
लग्न होतं कुणाचं, की वीज जायची होती,
की रबर आणायला बाजारापर्यंत जायचा कंटाळा.

आठ रुपयांचं रबर बसवलं. नवी वायर ओढली.
टेप गुंडाळली नीट, सुलटी, उस्तादांना हवी तशी.
मगदूम वाकून बघत होते, माझ्या हाताकडं.
मी टेप उकलली
आणि पुन्हा गुंडाळली,
माझ्या हातानं.