पुनर्भेट

पंधरा दिवसांनी त्याच दारात, तीच प्रश्नावली घेऊन.
तांडापेठ. पारा पंचेचाळिसाच्या पुढे.
डोक्याला दुपट्टा घट्ट, हातात पाच चेहऱ्यांचं कार्ड:
एक रडका, एक हसरा,
मधले तिघे कुठल्याही बँकेच्या रांगेतले.

मी माणसं मोजत नाही.
मी प्रश्न तपासते.
तेच विचारायचं, त्याच शब्दांत, तोंड कोरं ठेवून,
आणि बघायचं,
उत्तर जागच्या जागी आहे का.

प्रश्न अकरा. पाणी आणि वीज यांबाबत तुम्ही समाधानी आहात का?
इंदिराबाई सोनकुसरे म्हणाल्या,
"पान्याचं सांगू का लाईटचं? एक पकडा."
एक पकडता येत नाही मला.
त्यांनी चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.
"हा आमच्या नंदोईसारखा दिसते."

प्रश्न चौदा. घरात तुमचं ऐकतात का?
"हो."
मागच्या खेपेला: नाही.
अशा जोड्यांना गजभिये सर लाल रंग देतात.
लाल मोजून शेवटी एक आकडा निघतो,
शून्य दशांश चार एक,
आणि दोष कुणाचा, ते आकडा सांगत नाही.

मग मी विचारू नये ते विचारलं:
मागे नाही का म्हणालात?

"तवा कुलर नव्हता का सुरू!
तुमी म्हटलं ऐकतात का.
मी म्हटलं, नाई बाप्पा,
या घरघरीत कोनाले कोनाचं ऐकू येते?"

आज लाईन गेलेली.
गल्लीतले यंत्रमागही थांबलेले,
मडक्यातून पेला बुडाल्याचा आवाज स्पष्ट.
दोन उत्तरं, दोन्ही खरी,
आणि प्रश्न अजून विचारलाच गेला नव्हता.

खुर्ची पुढे ओढून मी म्हटलं,
तसं नाही. म्हणजे, तुमचं म्हणणं मानतात का?
"कोन?"
घरातले.
"कोनतं म्हननं?"
पेन तसंच धरून बसले.
चौदाव्या प्रश्नाला कोणतं म्हणणं ठाऊक नव्हतं.

त्यांनी पाणी दिलं. मग सहज,
"तुमचं ऐकतात का हो, हापिसात?"

हो, म्हटलं मी.
इतक्या घाईनं, की हे त्यांचं उत्तर असतं
तर समासात पेन्सिलीनं खूण केली असती.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
त्यांचंही तोंड कोरं.
काहीतरी बोलायला लागल्या,
तेवढ्यात लाईन आली,
कुलर गरजला, पलीकडे माग सुटले,
ओठ हलताना दिसले फक्त.

काय म्हणालात?