आधी सुकू द्या

बेथेस्डाच्या चढावर आमचं केकच्या सामानाचं दुकान.
मंगळवारी सहसा कोणी फिरकत नाही.
त्या मंगळवारी इफोर प्रिथर्क आत आले,
प्रार्थनाघरात काढतात तशी टोपी काढली
आणि म्हणाले,
खाता येते ती शाई दाखव.

मी त्यांना ओळखत होते. इथं सगळेच ओळखतात.
डोंगराच्या पोटातून निघालेल्या पाटीच्या दगडावर
चाळीस वर्षं त्यांनी गावाची नावं कोरली.
माझ्या आजोबांचंही.

मी काचेवर पेनं मांडली.
हे बारीक टोकाचं, नावांसाठी.
हे ब्रशासारखं, पानाफुलांना.
हे दुतोंडी, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक,
आणि खरं सांगू, मालकीण आत आहे तोवर,
दोन्हीपैकी एकही धड नाही.
काळं घ्यायचं तर या डबीतलं नको,
लोण्याच्या क्रीमवर रात्रीतून शेवाळी होतं.
लाल जिभेला जरा कडू.
आणि उभी ठेवू नका, आडवी ठेवा,
नाहीतर शाई बुडाशी बसते नि टोक कोरडं पडतं.

त्यांनी एकेक पेन छिन्नीसारखं धरून पाहिलं.
बिलाच्या कागदामागे एकच अक्षर काढलं, एस.
दगडात हेच सगळ्यात त्रास देतं, म्हणाले,
याला ना सुरुवात, ना कोपरा.
मग विचारलं, किती टिकते?
मी डबीवरचं वाचलं: उघडल्यापासून दीड वर्ष, उन्हापासून दूर.
तसं नाही गं. लिहिलेलं किती टिकतं?

खाईपर्यंत.

ते बराच वेळ त्या डबीकडेच बघत राहिले.
मग सुटे पैसे मोजून दिले.

गुरुवारी परत. हातात पत्र्याचा डबा,
आत पाटीच्याच रंगाचं आयसिंग दिलेली बिस्किटं,
आणि त्यावर अक्षरं नव्हती, खड्डे होते.
काही ठिकाणी शाई पसरून कोळ्याचे पाय झालेले.
घाई केलीत, मी म्हटलं. साखर ओली होती.
रात्रभर उघडी ठेवा, नखानं वाजवून बघा, मगच लिहा.
आणि दाबू नका.
झोपलेल्या माणसाच्या पाठीवर लिहावं, तसं.
ते म्हणाले, दगड वाट बघतो, त्याची सवय लागलीय.

पणतीचा वाढदिवस होता, हेलेधचा, सातवा.
वर्गातली सतरा पोरं, प्रत्येकाचं नाव एका बिस्किटावर.
बोलता बोलता डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.
सत्त्याऐंशी साली एका बाईच्या थडग्यावर, म्हणाले,
ग्वेनल्लियनमधला एक एल माझ्याकडून राहिला.
दोन हवे होते, एकच कोरला.
घरचे म्हणाले, असू दे, तिला तरी कुठं दिसतंय.
तेव्हापासून मी खालच्या फाटकानं जात नाही.
लांबून वळसा घालतो. गुडघे दुखतात, तरी.

मला काय बोलावं ते सुचेना.
मी पेनाचं टोक पुसून दिलं, कोमट पाण्यात बुडवून,
तेवढंच मला येतं.

वाढदिवस शनिवारी झाला. सोमवारी ते दारातूनच म्हणाले,
जमलं. सोळा पहिल्या फटक्यात.
आणि सतरावं?
लिनोसचं. तिलाही दोन एल लागतात सुरुवातीला.
माझ्याकडून एकच पडला.
मग?
मग काय, खाल्लं,
असं म्हणाले, आणि मिशीवरून हात फिरवला,
जणू अजून कुठं साखर लागली असेल.
दुसरं लिहिलं.

जाताना काउंटरवर कागदात गुंडाळलेलं एक ठेवून गेले.
माझं नाव, शुआन, इतकं सरळ
की अक्षरांखाली रेघ आखली असावी असं वाटलं,
पण रेघ नव्हती.

मालकीण म्हणाली, खिडकीत ठेव, नमुना म्हणून.
खिडकीत दुपारी ऊन येतं.
मी केटल लावली,
आणि चहात आधी पहिलं अक्षर बुडवलं.