मानशीसाठी खूण

आमच्या कक्षात आम्ही साडेतीन माणसं.
अर्धा म्हणजे पुतू,
जो दुपारनंतर खालच्या मजल्यावर
वजन-माप खात्याचा असतो.
एक खिडकी. तिच्यातून पाटोचा पूल,
आणि भरतीला गटारातून उलटं चढून
रस्त्यावर येणारं पाणी.
ते आमच्या विषयात मोडतं की नाही
यावर दोन वर्षं पत्रव्यवहार चालू आहे.

काम : शाश्वत विकास आराखडा, तिसवाडी तालुका,
क्षितिजवर्ष दोन हजार चाळीस.
क्षितिज. आमच्या सगळ्या कागदांत
एवढा एकच शब्द मान वर करून बघतो.

इनास कुलासो आमचा आरेखक.
शाईच्या काळातला; आता संगणकावर
एका बोटानं रंग भरतो.
वस्ती पिवळी, भात हिरवं, बागायत त्याहून फिकी.
खाजनाला त्यानं स्वतः कालवलेला एक रंग दिला,
ना पाण्याचा ना शेताचा,
जो आमच्या प्रिंटरवर करडा उमटतो.
करडा म्हणजे, सूचीनुसार, 'इतर'.

तीस तारखेला तो निवृत्त होणार.
सव्वीसला म्हणाला,
"बाये, मानस खंय दाखोवची?"

मानस : बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला शेताचं पाणी नदीत सोडतं,
भरतीला नदीच्याच रेट्यानं मिटतं.
मी सूची पाहिली.
पेट्रोल पंपाला खूण होती. हेलिपॅडला होती.
प्रमाण एकास पंचवीस हजार;
चार हात रुंद दार त्यात
केसाच्या जाडीचं.
"दिसणार नाही," मी म्हटलं.
"दिसना जाल्यार," तो म्हणाला, "चल, पळोवन येऊया."

फेरीतून दिवाडी. दौराभत्ता कुणालाच मिळाला नाही.
बांधावर पियेदाद उभी होती, हातात कोयता,
नवरा गेल्यापासून दाराची राखण तिच्याकडे.
डावीकडच्या दोन फळ्या कुजलेल्या.
भोकात सिमेंटची पोती, आणि पोत्यांवर
गेल्या निवडणुकीचा फ्लेक्स :
हात जोडलेला एक उमेदवार
कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात.
"इतकं काम त्यानं कधी केलं नव्हतं," ती म्हणाली.
मासळीची पावणी ज्यानं घेतली
त्याला दार फुटकंच हवं आहे, हेही म्हणाली,
आणि मग माझ्या वहीकडे बोट दाखवून :
"तुमच्या चाळीस सालात
हे दार कोण बदलणार?"

मुळगांवकर मॅडमनी टिपणी लिहिली.
अहवालाची छपाई, दोनशे प्रती, चकचकीत कागद :
तीन लाख साठ हजार.
माटीच्या लाकडाचं दार : एकतीस हजार.
वीस प्रती कमी छापाव्यात का?
लेखा शाखेचा शेरा चौथ्या दिवशी आला,
हिरव्या शाईत :
'दार हा दस्तऐवज नव्हे.'
मॅडमनी तो मला वाचून दाखवला,
मग चष्मा काढून पुसत बसल्या. बराच वेळ.

तीस तारखेला केक होता, भाषण नव्हतं.
इनासनं खणातून जुनी पेटी काढली,
दौत काढली, निब चाटून पाहिली,
आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर
नदीकडे टोक केलेल्या दोन छोट्या रेघा ओढल्या,
मिटलेल्या दारासारख्या.
एक दिवाडीला. मग चोडणला, मग जुव्याला,
त्याला पाठ होत्या तेवढ्या सगळ्यांना.
सूचीच्या तळाशी लिहिलं :
मानस. खूण प्रमाणानुसार नाही.

फाइल लेखा शाखेत आहे. फ्लेक्स बांधावर आहे.

काल अमावास्या होती.
दुपारी तीनला फोन वाजला.
पुतू नेमका पेन न्यायला वर आला होता;
सवयीनं म्हणाला, "वजन-माप."
पलीकडे पियेदाद.
"बरं मग," ती म्हणाली, "लिहून घे.
पाणी आज तिसऱ्या फळीपर्यंत."
त्यानं लिहून घेतलं. वेळ, तारीख, फळी.
केकच्या खोक्याचा पुठ्ठा होता.
मी तो भोकं पाडून फाइलला लावला :
आधारभूत माहिती, पान एक.