चौदा मिनिटं

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ
व्हालिकोचं घड्याळांचं दुकान. दुकान कसलं,
भिंतीतली एक खिडकी.

आई इटलीत परक्या म्हातारीला न्हाऊ घालते.
त्यातले नऊशे लारी
मी त्या दिवशी भरणार होते:
'झोपेतही कमवा.' एकवीस धडे.
वर लाल आकडे धावत होते,
चौदा मिनिटं, मग किंमत तिप्पट.
आणि नेमकी फोनची बॅटरी मान टाकायला आलेली.

"चार्जर द्या ना, लवकर. वेळ जातोय."

डोळ्यावरचं भिंग न काढता
म्हाताऱ्याने फोन हातात घेतला.
पान बंद केलं. उघडलं.
चौदा मिनिटं.
पुन्हा.
चौदा.
मग चहा ओतला, फुंकून फुंकून प्यायला;
भिंतीवरची सगळी घड्याळं
आपापल्या परीने पुढे सरकली,
एक तर लंगडत.
पुन्हा उघडलं.
चौदाच.

"बिघडलंय का?" मी विचारलं.
"छे," तो म्हणाला, "बिघडलेलं मी दुरुस्त करतो.
हे बनवलंयच असं."

एवढंच. ना उपदेश, ना चार्जरचे पैसे.
पुन्हा वाकला तो कुणाच्याशा
सोव्हिएत काळातल्या मनगटी घड्याळावर.

रात्री आईचा फोन. आवाज दबका.
"म्हातारी आत्ताच झोपलीय,
पण मधेच उठून दाराकडे जाते,
म्हणून मी जागीच असते गं.
पैसे पोचले ना?"

पोचले, म्हटलं.
झोपेत कमवायचं
काही बोलले नाही.